मागच्या खोलीतला रेडिएटर

ब्रिस्टलच्या नव्या घरात खोल्या उबदार ठेवायला हीट पंप घ्यायचं ठरलं. इंजिनिअर म्हणाला, "पाणी फिरत राहायला एक तरी रेडिएटर कायम चालू असावा लागतो. त्याला बंद करायचा नॉबच नसतो. कुठे बसवू? बहुतेक लोक बाथरूम सांगतात."

"मागच्या खोलीत," अनुप लगेच म्हणाला. "ती आईची खोली झाली असती."

स्वरालीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. लंडनमधल्या हाउन्सलोच्या जुन्या घरी, ऐन जानेवारीत, न्यूमोनियाने. ही दोघं ऑफिसातून परतली की त्या स्वेटरवर शाल गुंडाळून बसलेल्या दिसायच्या. रेडिएटर थंडगार, नॉब शून्यावर.

"रोज सकाळी मी चालू करून जायचो," अनुप पुटपुटला. "तिला साधा टीव्हीचा रिमोट जमायचा नाही. हे बंद करायला कुठून शिकली, देव जाणे."

स्वरालीच्या तळहाताला तो सुरकुतलेला, गार हात पुन्हा जाणवला.



सासूबाई राहायला आल्या त्या पहिल्याच आठवड्यात तोच हात नॉबवर ठेवून तिने शिकवलं होतं, "आई, घरात एकट्याच असलात की हा असा शून्यावर आणायचा हं. उगाच वाया कशाला?"