चौगुलेकाकूंची चूळ

गोळविलकर सरांच्या दाढेची सूज गळ्यापर्यंत उतरली होती. अँटिबायोटिकं निकामी होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि सरांच्या हिरडीतल्या जंतूंना मारणारा विषाणू अख्ख्या सांगलीत एकाच तोंडात सापडला होता. ते तोंड वरच्या मजल्यावरच्या चौगुलेकाकूंचं होतं.

आयुष्यभर कोणाचं उष्टं न खाल्लेले सर दवाखान्याच्या खुर्चीत काकूंच्या चुळीची वाट बघत पडले होते. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या.

"कालपासून दात घासले नाहीत ना?" डॉक्टर मुक्तांनी पेला पुढे केला.

"अहो, असं कसं? सरांना द्यायचं म्हणजे..." काकू लाजल्या. "जंतुनाशकाने तीनदा गुळण्या केल्या. जीभसुद्धा खरवडली."

डॉक्टरांनी पेला मागे घेतला. "सकाळचा चहाचा कप तरी तसाच असेल?"

"छे! घासून पालथा घातलाय."

"विषाणू परत वाढायला संध्याकाळ होईल," डॉक्टर पुटपुटल्या.

सरांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ. त्यांनी काकूंचं मनगट घट्ट धरलं.

"थुंका, चौगुलेबाई. असेल तेवढं थुंका हो."

काकूंनी प्रयत्न केला. पण भीतीने त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती.