चेन नसलेली गाडी

रंगनाथनं नगरच्या लष्करी लिलावातून चेनीऐवजी शाफ्टच्या दांड्यावर चालणारी मोटारसायकल घेऊन सोनईला आणली, तेव्हा त्याच्या लेकीला, भारतीला, हायसं वाटलं. जुन्या गाडीच्या चेनीचे वळ आईच्या पाठीवर अजून ताजे होते.

"छबे, हिला चेनच न्हाई," तो बायकोकडं बघून हसला. "आता तुला कशानं समजवू?"

ही बिघडली तर पुन्हा चेनवाली येईल, या धास्तीनं भारती गाडीला जिवापाड जपे. त्या रविवारी मागचं चाक उतरवून तिनं शाफ्टच्या दात्यांना ग्रीस भरलं, चाकातून ओढून काढलेला हातभर लोखंडी एक्सलही बोटांनी चोपडून ठेवला. तेवढ्यात बाप झिंगत आला. भाकरी गार झाली, एवढंच निमित्त. त्यानं समोरचा एक्सल उचलून आईच्या डोक्यावर उगारला.

ग्रीसमुळं तो मुठीतून सटकला आणि खणखणत आईच्या पायाशी पडला.

"आये, पळ!" भारती ओरडली.



आईनं वाकून एक्सल उचलला, पदरानं त्यावरचं ग्रीस नीट पुसून काढलं आणि मगच मूठ आवळली.