अजानीपुरती गप्प

सांदणांची ताटली पुढे सरकवत जैतूनबी दुपारभर बोलत होती. तिन्ही मुलगे बायकापोरांसह आखातात गेल्यापासून ओसरीवर बसून तिचं ऐकून घेणारं पहिलं माणूस म्हणजे ही विलायतेची पत्रकारबाई. मेलेल्या नवऱ्याची बोट, सुनांचे रुसवे, आंब्यावरून झालेली भांडणं. हे सगळं बाईला तिच्या भाषेत सांगता सांगता सोबतचा दुभाषा घामाघूम झाला.

तेवढ्यात अजान सुरू झाली. अजान चालू असताना बोलायचं नाही, ही लहानपणापासूनची सवय. तिने डोक्यावर पदर ओढला आणि तोंड मिटलं. बाईने नेमका तेव्हाच फोटो काढला.

महिन्याने शेजारची शाहिस्ता मोबाइल नाचवत आली. "चाची, तिकडच्या पेपरात तुझा फोटो आलाय!"

"काय लिवलाय गो?"

शाहिस्ता अडखळली. "लिवलाय... हिला बोलायची परवानगी नाय."

जैतूनबी खो खो हसत सुटली. "मना परवानगी नाय? अगो, अजान चालू होती!"

हसू ओसरलं, तशी तिची नजर ओसरीवरच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली.

"परवानगी हाय म्हणून कळव तिला," ती म्हणाली. "नि विचार, परत कधी येतेस?"