सोंगटी मारायची की नाही

"म्हंजी फासंच न्हाईत?" सोपानने विचारलं.

"साहेबाच्या कुत्र्याने गिळले असतील," पेटी उलटी करून झटकत अनंतमास्तर म्हणाले.

वळवणच्या धरणावरचा एक अमेरिकन इंजिनियर मायदेशी जाताना हा खेळ मास्तरांना देऊन गेला होता. पुठ्ठ्यावर अमेरिकेचा नकाशा, त्यावरून फिरणारी घरांची वाट आणि मधोमध एक पांढरा वाडा. मास्तरांनी तो घोंगडीवर पसरला आणि शाळेतल्या आवाजात समजावायला सुरुवात केली.

"दोन उमेदवार. जेवढं दान पडेल तेवढं पुढे जायचं. ज्या राज्यात सोंगटी थांबेल त्या राज्याची मतं आपली. ज्याची मतं आधी निम्म्याच्या वर जातील तो अमेरिकेचा अध्यक्ष."

"आन् हितं?" महिपतीने भावाकडे न बघता विचारलं.

"इथे जो जिंकेल त्याने तालुक्याच्या लोकल बोर्डाच्या निवडणुकीचा अर्ज घेऊन दुपारच्या गाडीने वडगावची कचेरी गाठायची. हरेल त्याने आपला अर्ज फाडायचा. अर्जांचा आज शेवटचा दिवस आहे."

कार्ल्यातल्या त्या घरात दोन सख्खे भाऊ एकाच जागेला उभे राहायला निघाले होते. भात झोडपायच्या दिवसापासून दोघांत शब्द नव्हता. अंगणात दगडांचा ढीग येऊन पडला होता, निवडणूक झाली की मधोमध भिंत घालायला. सोपानला बोर्डावर जायचं होतं, यात खोटं काही नाही. पण त्या ढिगाकडे नजर गेली की तो अर्धपोटीच ताटावरून उठे. शेवटी आईनेच, विठाबाईने, मास्तरांना बोलावणं धाडलं, आणि खेळात ठरेल ते मानायचं असं दोघांकडून देव्हाऱ्यापुढे वदवून घेतलं.

आताही तीच आतून कवड्यांची पिशवी घेऊन आली.

"फासं नसलं तर नसू द्या. ह्या घ्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं."

कवड्या ओतताना तिचा अंगठा काळाकुट्ट दिसला.

"आये, ह्ये काय गं?" सोपान म्हणाला.

"बिब्बा फोडताना लागला. तू खेळाकडं बघ."

काल ती मास्तरांच्या पत्नी सरोजिनीबाईंबरोबर वडगावच्या बाजाराला गेली होती आणि रिकामी पाटी घेऊन परत आली होती. समदं म्हाग झालंय, एवढंच म्हणाली होती. बिब्बा फोडायला तिला वेळ कधी मिळाला कोण जाणे. सोपानने कवड्या उचलल्या.

खेळ सुरू झाला तो मुक्यानेच. महिपतीने एकेक राज्य पटापट घेतलं. सोपान मागून रडतखडत येत होता. एका दानाला त्याची सोंगटी नेमकी महिपतीची सोंगटी होती त्याच घरात जाऊन बसली.

"मार की मग," विठाबाई म्हणाली.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "विठाबाई, अमेरिकेत सोंगटी मारत नाहीत."

"मारायची न्हाई तर पट मांडायचा कशाला? मारली की सोंगटी घरी आन् कमावलेलं समदं परत डावात. व्हय का न्हाई रं?"

दोघा भावांनी माना डोलावल्या. लहानपणापासून ते ह्याच कवड्यांवर वाढले होते. मारामारीवाचून पट म्हणजे त्यांना मिठावाचून आमटी. मास्तर घसा खाकरून म्हणाले, "तुमचं घर, तुमचा नियम."

मग काय, डाव सरेचना. निम्म्याजवळ कोणी पोचला की दुसरा त्याला मारून घरी बसवी. न्यूयॉर्क तर इतक्या वेळा हातचं गेलं की महिपती त्याला शिव्या घालू लागला.

"बोटानं कवडी उलटी केलीस, लबाडा," तो एकदम म्हणाला.

"तूच शिकवलंस की, दादा."

बोलून गेल्यावर दोघेही चपापले. आणि मग महिपती हसला. सोपानला भरून आलं. डाव असाच चालू राहावा असं त्याला मनापासून वाटलं.

"मास्तर," कडेला बसलेल्या विठाबाईने विचारलं, "ह्यो अध्यक्ष झाला म्हंजी विहीर बांधून देतो का?"

"मनात असेल तर देतो."

"खालच्या आळीच्या बाया आजून नदीवरनं पाणी वाहत्यात. गड्यांना त्ये कुटं दिसतंय."

तेवढ्यात मळवली स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली. सोपानचा हात कवड्यांसकट वरच राहिला.

"दादा, गाडी."

महिपती धडपडत दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. लांब, शेतांच्या पलीकडे धुराची रेघ वडगावच्या दिशेने सरकत होती. आता पायी निघून कचेरी उघडी सापडण्यातली नव्हती.

मग महिपतीने खिशातला अर्ज काढून फाडला. सोपाननेही आपला फाडला. गंमत अशी, की त्याला जराही वाईट वाटलं नाही. छातीवरून धोंडा उतरावा तसं मोकळं वाटत होतं.

"दगडांचं काय करायचं रं?" महिपतीने विचारलं.

"गोठ्यापुढं ओटा बांधू. पावसात लय चिखल होतो."

"उद्याच धरू कामाला."

मास्तर नकाशाची घडी घालू लागले.

"पण मास्तर," सोपान म्हणाला, "आता ती जागा मोकळीच ऱ्हाणार व्हय?"

"मोकळी कशी राहील? एक अर्ज कालच दाखल झालाय. तुमचे दोन्ही गेले, दुसरा कुणी नाही. म्हणजे बिनविरोधच."

"कुणाचा?" दोघांनी एकदमच विचारलं.

मास्तर पेटीचं झाकण लावण्यात गुंतले. विठाबाई कवड्या गोळा करून पिशवीत भरत होती. तिने अंगठा पदराला घासला, उजेडात धरून नीट निरखला आणि पुन्हा घासला.

"मास्तर, ही कचेरीतली शाई जायाला काय लावावं वो?"