मांडी घालणारा गुडघा

"आता सगळ्यांनी मांडी घाला," डॉक्टर माइकवरून म्हणाले. गुडघा बदललेले अकरा पेशंट सतरंजीवर आरामात मांडी घालून बसले. टाळ्या पडल्या. जमिनीवर बसता यावं म्हणूनच तर सगळ्यांनी हा नवा सांधा निवडला होता.

फिजिओथेरपिस्ट मृण्मयी भिंतीपाशी उभी होती. पहिल्या रांगेतले दाबकेकाका या सांध्याचे पहिले पेशंट, दोन वर्षांपूर्वीचे. त्यांचा एक्स-रे तिने सकाळीच पाहिला होता. सांधा हाडापासून सुटत चालला होता, म्हणूनच उठताना तो वाजायचा. "एखाद्याचा सुटतो," डॉक्टर तिला म्हणाले होते. "एवढ्यात कुठे बोलू नकोस."

"आता उठा."

दाबकेकाका उठले. गुडघ्यातून बारीक आवाज आला, टक्. शेजारच्या बाई उठल्या. टक्. मग तिसरा, मग चौथा. ऐकत ऐकत मृण्मयी शेवटच्या रांगेपर्यंत गेली. तिथे तिची आई हात टेकून उठत होती. तीन महिन्यांपूर्वी तिनेच आईला हा सांधा सुचवला होता.

"आई, तुझा वाजतो?"

"अजून नाही ग," आई हसली. "वर्षभराने लागतो वाजायला. सगळ्यांचाच लागतो म्हणे."