वरचा सूर

"माझे काळे बूट कुणी बॅगेत भरले?" सर ओरडले आणि सगळ्या पोरी खदाखदा हसल्या. कॉलेजच्या गानवृंदाच्या परदेश दौऱ्याचा शेवटचा दिवस होता. शेवटचा कार्यक्रम आटोपला की बस थेट विमानतळावर जाणार, म्हणून सकाळी सगळ्यांनी हाताला लागेल ते बॅगांत कोंबलं होतं. त्या धांदलीत सरांचे बूटही गेले. आता बत्तीस बॅगा बसच्या पोटात होत्या आणि काळ्या सुटाखाली सरांच्या पायांत फिरायला जायचे पांढरे बूट.

"असू द्या हो," पियानो वाजवणाऱ्या बाई म्हणाल्या, "लोक तुमच्या हातांकडे बघतात."

रंगमंचामागच्या खोलीत नुसता गलका चालला होता. आरसा एक आणि तोंडं तीस. कुणी दातांत पिना धरून बोलत होतं, कुणी नाचत होतं, कुणी उगीचच रडत होतं. बुटकी बाकावर उभी राहून मागची चेन लावून घेत होती. तिचं खरं नाव आता हजेरीपुरतंच उरलं होतं. पहिल्या वर्षाला, वरच्या पट्टीत गाणाऱ्या सहाजणींत सगळ्यांत लहान. तिची चेन लावत होती ती ताई, शेवटच्या वर्षाची, सहाजणींची लीडर.

सरांनी टाळ्या वाजवल्या. "पोरींनो, इकडे लक्ष! आज महोत्सवाच्या संचालक बाई पहिल्या रांगेत बसणार आहेत. पुढच्या वर्षी आपल्याला बोलवायचं की नाही, हे त्या आज ठरवणार. तेव्हा शेवटच्या गाण्यातला तो वरचा सूर स्वच्छ लागला पाहिजे. पद्धत तीच. ताई गाईल, बाकीच्या पाचजणी नुसतं तोंड उघडतील. काय?"

"हो सर!" पोरींनी एका सुरात सांगितलं.

ही सरांची जुनी युक्ती होती. सहाजणींतली एक जरी केसभर खाली घसरली, तरी तो सूर फाटायचा. त्यापेक्षा एकीनं गावं आणि पाचजणींनी गायल्यासारखं करावं. समोरच्यांना काय कळतंय?

बुटकीनं मात्र सरांची नजर चुकवली. पाच दिवसांत पाच कार्यक्रम झाले होते आणि पाचही वेळा ही बया चोरून गायली होती. रोज ठरवायची, आज तोंड नुसतं उघडायचं. पण ती जागा जवळ आली की तिला राहवायचंच नाही. ताई गातेय ना, मग आपलं त्यात कुणाला ऐकू जाणार! आणि ताईचा आवाज तरी काय! सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आदळून तो परत यायचा, तेव्हा बुटकीच्या अंगावर काटा यायचा. कार्यक्रम संपला की सर ताईची पाठ थोपटायचे. ताई मान खाली घालायची. केवढी गुणी आहे ही, असं बुटकीला वाटायचं.

पण आज चैन परवडणारी नव्हती. आपल्यामुळे सूर फाटला तर? तिला पुढच्या वर्षी यायचं होतं. त्याच्या पुढच्या वर्षीही यायचं होतं! नाही म्हणजे नाही, आज गायचं नाही. तिनं ताईचा हात घट्ट धरला.

"ताई, तुझी शपथ. आज मी त्या सुरावर तोंडातून हूं की चूं काढणार नाही."

ताई दचकली. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात घंटा वाजली आणि सगळ्यांची पळापळ झाली.

सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्याच गाण्याला लोकांनी ताल धरला. तिसऱ्याला टाळ्या थांबेनात. पोरींना तर पंखच फुटले होते. शेवटचं गाणं सुरू झालं, सरांचे हात वर वर चढत गेले, ते स्वतःही टाचा उचलून उभे राहिले. ती जागा आली. ठरल्याप्रमाणे पियानो थांबला. सहा तोंडं मोठ्ठी उघडली.

आणि आवाजच आला नाही.

सगळं चिडीचूप. सरांचा हात हवेतच राहिला, चेहरा पांढराफटक पडला. संचालक बाई खुर्चीत पुढे सरकल्या. बुटकीनं घाबरून शेजारी पाहिलं. ताईचं तोंड उघडंच होतं आणि डोळे पाण्यानं भरले होते.

"अगं, गा ना!" ताई कशीबशी कुजबुजली. "माझा घसा पहिल्याच दिवशी बसलाय. वर जातच नाही."

विचार करायला वेळ कुठे होता! बुटकीनं छाती भरून श्वास घेतला आणि सूर लावला. एकटीनं, पूर्ण. तो खुर्च्यांवरून पार शेवटपर्यंत गेला, मागच्या भिंतीवर आदळला आणि परत आला. बुटकीनं तो लगेच ओळखला. पाच दिवस ज्या आवाजाच्या आडोशाला ती लपून गात होती, तोच होता.