मार्चमधली शेवटची केस

जीपवाल्याला बांधावर थांबवून शालूबाई वावरात उतरली तेव्हा कमला बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. हिंगणीची नर्सबाई भर उन्हात मळ्यात येते म्हणजे काय काम असणार, ते कमलाला सांगावं लागलं नाही. तिनं बसायला गोणपाट सरकवून दिलं आणि जुड्या बांधतच राहिली.

सेलूला बायकांच्या ऑपरेशनचा कॅम्प होता आणि शालूबाईला एक केस कमी पडत होती. जी बाई यायला कबूल झाली होती ती सकाळीच हातावर तुरी देऊन माहेरी पळाली. मार्च संपत आलेला. आणीबाणी जाऊन इतकी वर्षं झाली, टार्गेट मात्र होतं तिथंच, नर्सला, मास्तरांना, ग्रामसेवकालाही. ते पुरं झालं नाही की मोठे डॉक्टर चारचौघांत असं काही बोलत, की घरी जाऊन जेवण गोड लागू नये.

कमलाला आता पुन्हा मूल नको, यात खोटं काहीच नव्हतं. तिसऱ्या बाळंतपणात इतकं रक्त गेलं की सेलूपर्यंत बैलगाडीत शालूबाई तिचं पोट मुठीनं दाबून बसली होती. पुन्हा दिवस राहिले तर ही वाचत नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. पण आधी हिच्या अंगात रक्त भरू द्या, मगच ऑपरेशन, नाहीतर टेबलावर घात होईल, हेही त्यांनीच सांगितलं होतं. कॅम्पात तेवढं बघायला कोणाला सवड? नर्सबाईनं आणली म्हणजे बाई धडधाकट, असंच धरून चालत.

शालूबाईनं सगळं समजावून सांगितलं. टाका लहान असतो, आठवड्याभरात माणूस कामाला लागतं, वर रोख पैसे. पैशांचं कमलाच्या नवऱ्याला आधीच ठाऊक होतं. तानबानं ते मिळायच्या आधीच विहिरीवरच्या इंजिनाच्या दुरुस्तीला लावूनही टाकले होते. आता तो पाणी वळवायचं निमित्त करून लांबून कान देऊन उभा होता.

कमलानं मग परवाची गंमत सांगितली. शाळेचे मास्तर आणि ग्रामसेवक एकाच वेळी तिला पटवायला आले आणि केस कोणाची यावरून बांधावरच हमरीतुमरीवर आले. मास्तरांची टोपी पाटात पडली तरी त्यांना भान नव्हतं. शालूबाई हसली. कमलाही हसली.

"बाई, माह्यामागं तुम्हालेही पैसे भेटतात का?"

शालूबाईच्या मस्तकात तिडीक गेली. गाडीत रातभर पोट दाबून बसली ती काय पैशासाठी? तसं ती बोललीही. मग तिचा आवाज उतरला.

"भेटतात," ती म्हणाली. "पण मी तुह्या भल्याचंच सांगून राह्यली."

"ते का मले मालूम नाई? त्या दोघायले मी वापस धाडलं. तुम्ही म्हनसान त येतो."

शालूबाईला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. दोन महिने रक्तवाढीच्या गोळ्या खा, मे महिन्यात मी स्वतः नेते, एवढंच म्हणायचं होतं. ते जिभेवर आलंही. पण जीपवाल्यानं हॉर्न वाजवला, आणि मेची केस मार्चमध्ये कोणी धरत नाही. चल मग, असं ती मेथीकडे पाहत म्हणाली.

कमलानं पाटावर हातपाय धुतले, पदर सारखा केला, लहानीला जावेच्या कडेवर दिलं. तानबा एकदम उत्साहात येऊन जीपमध्ये चढून बसला. कमला जीपपाशी आली आणि थांबली. नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती बोलली.

"बाई, दर खेपेले तुम्ही आल्या का आधी माह्या डोळ्याची पापनी वढून पाह्यता, अंगात रक्त हाय का नाई. आज काऊन नाई पाह्यली?"